साडेसाती आणि लघुग्रह

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात उघड्या चौथऱ्यावरच्या काळ्या शिळेवर तेल ओतले जाते, ते बहुधा साडेसाती सुसह्य व्हावी म्हणून. साडेसातीचे गणित चोख आहे. शनीची सूर्यप्रदक्षिणा सुमारे २९.५ वर्षांची, म्हणून एका राशीला अडीच वर्षे आणि तीन राशींना साडेसात. शंका आहे ती त्यातून काढलेल्या फळाविषयी. ग्रह माणसाचे प्राक्तन ठरवतात, तर १८०१ साली सेरेस सापडल्यापासून मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये आढळलेल्या लाखो लघुग्रहांना, गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढेमागे ६० अंशांवर फिरणाऱ्या थव्यांना आणि पृथ्वीची वाट ओलांडणाऱ्यांना पत्रिकेत घर का नाही? ते क्षुल्लक म्हणावेत, तर राहू-केतूंना वस्तुमानच नाही. ते निव्वळ छेदनबिंदू. परिणामच मोजायचा, तर अशाच एका आगंतुकाने लोणारच्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडले, तेही कुणाची रास न पाहता.

भाविक म्हणेल, शनी ही न्यायदेवता. दुर्बिणीचा तिच्याशी काय संबंध? हा आक्षेप मला सर्वांत सबळ वाटतो. घरांना दारे-कुलपे न लावण्याची शिंगणापूरची रीत कोणत्याही कक्षेवर नाही, चोराला शासन होतेच या विश्वासावर उभी आहे. पण मग ही देवता आचरणाचा हिशेब मागते, जन्मवेळेचा नव्हे. बारांपैकी तीन राशींतल्या भल्याबुऱ्यांना सरसकट दंड करणारी साडेसाती तिच्या न्यायालाच बाध आणते. शनिदेव न्यायी मानायचा, तर साडेसाती सोडावी लागेल.