ईमान आणि अपेक्षा





सणसवाडीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारा तरुण २४० दिवसांचा हिशेब बोटांवर करीत असतो. हजेरी पूर्ण आहे, सुपरवायझर समाधानी आहे, तेव्हा यंदा आपण कायम होऊ असे त्याला वाटते. यात गैर काही नाही. अनुभवावर आणि हिशेबावर उभी असलेली ही वाजवी अपेक्षा होय. परंतु हाच तरुण जुम्याच्या नमाजनंतर म्हणतो, "मौलाना, माझे ईमान आहे, अल्लाह मला कायम करणारच," तेव्हा मला काळजी वाटते. पुढे त्याला 'ब्रेक' मिळतो आणि तो मशिदीत येईनासा होतो. असे वचन अल्लाहने त्याला कधी दिले होते? आपल्या अंदाजालाच त्याने ईमान म्हटले होते. अंदाज चुकला, तेव्हा ईमानच खोटे ठरले असे त्याला वाटले.

सूरह यूसुफमधील हजरत याकूब (अ.) यांच्याकडे पाहा. दुष्काळात धान्य आणण्यासाठी मुले धाकट्या भावाला सोबत मागत होती. यूसुफ (अ.) यांच्या बाबतीत याच मुलांनी काय केले, हे पिता विसरला नव्हता. अल्लाहवर भरवसा आहे म्हणून त्यांनी मुलाला तसेच धाडले नाही. आधी अल्लाहला साक्षी ठेवून पक्के वचन घेतले. तुम्ही सारेच घेरले गेलात तर गोष्ट वेगळी, एवढी सूटही त्यात ठेवली. एकाच दाराने नव्हे, निरनिराळ्या दारांनी आत शिरा, असे बजावले. मग स्पष्ट सांगितले की, अल्लाहच्या निर्णयापुढे माझा उपाय चालणार नाही. माझा भरवसा त्याच्यावरच आहे.

घडले काय? धाकटा तिकडे अडकला, त्याच्यापायी थोरलाही परतला नाही. शोकाने पित्याचे डोळे गेले. (रडणे म्हणजे ईमानाचा दुबळेपणा, असे मानणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.) अनुभवाच्या हिशेबात आशेला जागा उरली नव्हती. नेमके तेव्हाच ते मुलांना सांगतात की, जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. नुसते वाट पाहत बसा, असे ते म्हणत नाहीत.

तुमच्या घरी असा कुणी कामावरून परत आला असेल, तर "तुझे ईमानच कमी पडले" असे त्याला कृपया म्हणू नका. अपेक्षा चुकली, एवढेच म्हणा. उद्या दुसऱ्या कारखान्याच्या दारावर अर्ज दे, म्हणा. आणि आता असरची वेळ झाली आहे, चल, आपण बरोबरच जाऊ.