शेजारधर्म आणि भाऊबंदकी

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर बगदादी यहुदी बांधवांचे मागेन आबोत हे सिनेगॉग १८७८ पासून उभे आहे. त्याच रस्त्यावर चिनी लोकांच्या क्वान यिन देवीचे देवालय आहे आणि त्याच्या शेजारी श्रीकृष्णाचे देऊळ. देवीचे दर्शन घेऊन निघालेले चिनी भाविक कृष्णापुढेही उदबत्ती लावतात.

हा सलोखा आपोआप आलेला नाही. १९४९ साली तेथील धर्मपुढाऱ्यांनी आंतरधर्मीय संघटना काढली. आज तीत दहा धर्म आहेत व त्यांत आपलाही आहे. तरी १९५० साली एका डच मुलीच्या ताब्यावरून दंगल उसळून अठरा माणसे मेली. पुढे १९९० साली धार्मिक सलोख्याचा कायदा झाला. धर्माच्या नावाने द्वेष पसरविणाऱ्यास सरकार आता भाषणबंदी करू शकते. यहुदी तेथे मूठभर, पण १९५५ साली पहिले मुख्यमंत्री झाले ते डेव्हिड मार्शल हे यहुदीच.

मग प्रश्न असा, की सलोखा कायद्याने टिकतो की मनाने? आम्हांस वाटते, कायदा हात आवरतो, तोंडही आवरतो. मनातला उच्चनीच भाव मात्र त्याच्या हाती लागत नाही. तो भाव शेजाऱ्यापेक्षा भावाशीच अधिक दिसतो.

कोकणात आपले पूर्वज शब्बाथला घाणा बंद ठेवीत. गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले आणि सुखाने नांदू दिले. वंशाचा दाखला कोणी मागितला नाही. तो मागितला इस्रायलमध्ये, १९६२ साली, लग्नाच्या वेळी, आपल्याच धर्माच्या रब्बींनी. आपल्या लोकांनी झगडा केला, तेव्हा १९६४ साली क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. आणि आपल्याही समाजात पूर्वी गोरे व काळे इस्रायल असा भेद पाळला जात असे, हेही विसरून चालणार नाही.

शेजाऱ्याचा धर्म वेगळा, म्हणून त्याला आपण आपल्या मापाने मोजत नाही. भाऊ आपला, म्हणून त्याला तोलण्याचा हक्क आपल्याला आहे असे वाटते. भाऊबंदकीचे मूळ येथेच आहे.

तेव्हा वाचकहो, परदेशी नांदताना शेजारधर्म अवश्य पाळावा. परंतु सिनेगॉगच्या दारात नवखा यहुदी आला, तर तो कुणाचा, कुठला हे विचारण्याआधी त्याला बसायला जागा द्यावी.