अंगण वांकडें असेल तर?

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून इतक्या वेळां पडते कीं, तिच्यांत एक न्यायनिवाडा दडलेला आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. काम बिघडलें कीं दोष करणाराचा, साधनाचा नव्हे, असा तो निवाडा आहे. आळशी माणसाच्या सबबी बंद करण्यास तो फार उपयोगी पडतो, आणि एवढ्यासाठींच वाडवडिलांनीं ही म्हण जतन केली असावी. परंतु एक प्रश्न तिच्यांत विचारावयाचा राहून गेला आहे. अंगण खरोखरच वांकडें असेल तर? आणि तें वांकडें आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कोणीं? प्रश्न जुनाच आहे; पण संगणकाच्या प्रसारामुळें तो आज घरोघर, शाळांत व कचेऱ्यांत नव्यानें उपस्थित झाला आहे. म्हणून एका क्षुल्लक दिसणाऱ्या उदाहरणावरून त्याचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

तें उदाहरण म्हणजे व्याख्यानासाठीं तयार करावयाच्या स्लाइड्सचें. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथील महाविद्यालयांत खडू आणि फळा यांच्या जोडीला संगणक व प्रोजेक्टर येऊन आतां बराच काळ लोटला. यांत वाईट कांहीं नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याचा नकाशा किंवा मालवणच्या समुद्रांतील प्रवाळाचा रंग खडूनें दाखविणें कठीण. पडद्यावर तो क्षणांत दिसतो. परंतु ज्यास हीं प्रकाशाचीं पानें तयार करावीं लागतात त्यास विचारावें. काय सांगावयाचें हें ठरविण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ तें पानावर बसविण्यांत जातो, असेंच बहुतेक जण सांगतील.

असें कां व्हावें? पत्र आणि निबंध लिहिण्याचें सॉफ्टवेअर बहुतेकांच्या परिचयाचें असतें. म्हणून स्लाइड्सहि ते त्यांतच करूं पाहतात. पान आडवें करावें, अक्षर मोठें करावें, एका पानास एक स्लाइड समजावें, हा साधा हिशेब. पण लेखनाच्या सॉफ्टवेअरची घडण निराळी असते. त्यांत मजकूर पाण्याप्रमाणें एका ओळींतून दुसऱ्या ओळींत, एका पानांतून दुसऱ्या पानांत वाहत असतो. चित्र एखाद्या परिच्छेदाला बांधलेलें असतें, आणि या बांधणीला तेथें 'अँकर' म्हणजे नांगर हेंच नांव आहे. वर एक ओळ वाढविली कीं परिच्छेद खालीं सरकतो, आणि त्याच्याबरोबर चित्रहि, नांगर न धरलेल्या होडीप्रमाणें, पुढच्या पानावर जाऊन पडतें. उलट, स्लाइड्सकरितांच केलेल्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक वस्तु आपापल्या चौकटींत असते; तेथें मजकूर वाहत नाहीं, कोंडला जातो. न मावणारा मजकूर तें पुष्कळदां आपणहून बारीक करतें, आणि मग शेवटच्या बांकावरील विद्यार्थ्यास कांहींच वाचतां येत नाहीं. एकीकडे वाहून जाणें आणि दुसरीकडे कोंडलें जाणें, यांच्यामध्यें बिचारा शिक्षक सांपडलेला असतो.

मराठींत लिहिणाराच्या वांट्यास याहून अधिक येतें. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठीचे जे फॉन्ट सर्रास वापरांत होते, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. घरीं सुरेख दिसणारें पान तो फॉन्ट नसलेल्या सभागृहांतील संगणकावर उघडलें कीं, पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली, आणि पुढें हें संकट पुष्कळ ओसरलें. तथापि सर्वच निभावलें असें नाहीं. मराठींत 'र' दुसऱ्या व्यंजनास दोन प्रकारांनीं जोडला जातो, आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यांना' नमस्कार करावयाचा असतो आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगावयाचा असतो. हिंदीस हा भेद लागत नाहीं. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढें ठेवून केलेल्या साधनांत तो साधतांना लिहिणारा अडून बसतो. एका बाजूस दर्या आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या दऱ्या असलेल्या आमच्या जिल्ह्याचा भूगोल शिकविणारास ही गोष्ट विनोदाची वाटणें शक्य नाहीं.

आतां यांतील नीतीच्या प्रश्नाकडे वळूं. अशा वेळीं माणसें काय म्हणतात? 'आतां वय झालें,' 'आपल्याला हें जमायचें नाहीं,' 'हीं कामें हल्लींच्या मुलांचीं.' म्हणजे अंगणाकडे बोट न दाखवितां तीं स्वतःच्या पायांनाच नांवें ठेवितात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानानें रोजच्या वापरांतील वस्तूंच्या मानसशास्त्रावर १९८८ सालीं एक ग्रंथ लिहिला; त्यांत त्यानें हीच गोष्ट दाखवून दिली आहे. दार ढकलावयाचें कीं ओढावयाचें हें दाराकडे पाहून कळत नसेल, तर तो घडणीचा दोष; पण चुकलेला माणूस स्वतःलाच खुळा समजतो. ही नम्रता आहे असें कोणी म्हणेल. आमच्या मतें ती नम्रता नव्हे. आपली खरी उणीव ओळखणें ही नम्रता; दुसऱ्याची उणीव आपल्या अंगावर घेणें हा नुसता दबलेपणा होय. त्यापासून दोन अनर्थ होतात. ज्यानें साधन घडविलें त्यास तें सुधारण्याचें कारण उरत नाहीं. आणि ज्या गृहिणीनें जन्मभर घरचा हिशेब चोख ठेविला, किंवा ज्या कारकुनानें तीस वर्षें दप्तर बिनचूक सांभाळलें, तीं शहाणीं माणसें चार बटणांपुढें स्वतःला अडाणी ठरवून दूर बसतात. समाजाचें हें नुकसान कोणत्याहि जमाखर्चांत दिसत नाहीं.

याविरुद्ध एक वजनदार आक्षेप येईल. कोणतेंहि साधन कष्टांवांचून वश होत नाहीं. सतारीच्या तारेनें बोट सोलल्यावांचून सूर निघत नाहीं. म्हणून तार मऊ करा असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतांना नवख्याच्या तळहातांस फोड येतात. त्यावरून जाळें वाईट ठरत नाहीं. हें सर्व खरें. परंतु कष्टाकष्टांत भेद आहे. सतारीच्या कष्टांनीं बोट तयार होतें. आज सोसलेलें उद्यां कामास येतें. निसटणारें चित्र दहा वेळां ओढून जागेवर आणल्यानें कोणतीहि कला अंगीं येत नाहीं, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघाली कीं बसलेली संवयहि मोडावी लागते. ज्या साधनाचे कष्ट माणसास वाढवितात तें साधन गुरुस्थानीं मानावें. ज्याचे कष्ट माणसास केवळ झिजवितात, तें अंगण वांकडें समजावें. ही आमची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची आहे. साधनाकरितां आपण काय वांकवितों, हात कीं अर्थ? हात वांकविण्यास हरकत नाहीं. प्रत्येक कारागीर तें करतो. पण सुतार रंध्याच्या सोयीसाठीं खुर्चीला तीन पाय ठेवीत नाहीं. देवनागरी लिपि आणि यंत्र यांचा झगडा तसा नवा नव्हे. वि. दा. सावरकर हे १९२४ ते १९३७ पर्यंत रत्नागिरीस स्थानबद्ध होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला, तेव्हां त्या काळीं मालवण रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. तेथें असतांना त्यांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार केला, आणि छपाई सुलभ व्हावी म्हणून 'इ', 'उ' यांच्याऐवजीं 'अ' लाच वेलांटी व उकार द्यावा असें सुचविलें. ती पद्धति आज प्रचारांत नाहीं. पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, तो बदल चारचौघांत, कारणें सांगून मांडला गेला. पटेल त्यानें घ्यावा, न पटेल त्यानें टाकावा. आज 'दऱ्या' हा शब्द यंत्रावर उमटत नाहीं म्हणून शिक्षक मुकाट्यानें त्या जागीं 'खोरीं' लिहितो, तेव्हां असा कोणताहि वाद झालेला नसतो. कोणी मागितलें नाहीं, कोणीं दिलें नाहीं, आणि तरी एक शब्द गेला. यंत्रासाठीं लिपि बदलणें हें पाप नव्हे. कोणास न विचारतां ती बदलूं देणें हें मात्र पाप होय.

शब्दाहून विचाराची गोष्ट अधिक गंभीर. पॉवरपॉइंट हें सॉफ्टवेअर रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनीं फोरथॉट या कंपनींत तयार केलें. तें १९८७ सालीं बाजारांत आलें, आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरांस विकत घेतली. धंद्याच्या बैठकींत मुद्दे झटपट मांडणें हें त्याचें मूळ काम, आणि तें काम तें चांगलें करतें. पुढें तोच सांचा वर्गांत आला: वर मथळा, खालीं ठिपके. ठिपक्यापुढें तुकडे बसतात, वाक्यें बसत नाहींत. आणि वाक्याबरोबर 'कारण', 'परंतु', 'जर', 'तथापि' हे शब्दहि गळून पडतात. विचाराचे सांधे या शब्दांत असतात. 'किल्ला – १६६४ – कुरटें बेट' एवढें उतरवून घेणारा विद्यार्थी सन व स्थळ पाठ करील. पण शिवाजी महाराजांस भर समुद्रांत किल्ला बांधण्याची गरज कां वाटली, जंजिऱ्याचा सिद्दी व परकीय आरमारें यांचा त्याच्याशीं काय संबंध, हें त्यास त्या ओळींतून कधींच कळणार नाहीं.

ही पंडिती कुरकुर आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं कोलंबिया या अवकाशयानाची हकीकत आठवावी. १६ जानेवारी २००३ रोजीं उड्डाणाच्या वेळीं इंधनाच्या टाकीवरील फोमच्या आवरणाचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशांत असतांनाच अभियंत्यांनीं धोक्याचा अंदाज स्लाइड्सवर मांडून अधिकाऱ्यांपुढें ठेविला. आदळलेला तुकडा सुमारें १९२० घन इंचांचा मानलेला होता. ज्या प्रयोगांचा आधार घेतला त्यांतील तुकडा ३ घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पटींचा फरक! पण ही गोष्ट ठिपक्यांच्या उतरंडींत अगदीं तळाशीं होती, आणि मथळा वाचणारास धीर देणारा होता. १ फेब्रुवारीस परत येतांना यानाचे तुकडे झाले, आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातहि अंतराळवीर मरण पावले. एडवर्ड टफ्टी यांनीं त्या स्लाइडची बारकाईनें छाननी केली, आणि चौकशी मंडळानेंहि त्याच वर्षींच्या अहवालांत तांत्रिक निबंधांच्या जागीं स्लाइड्सवर विसंबण्याच्या रीतीस दोष दिला. स्लाइडनें यान पाडलें असें कोणी म्हणणार नाहीं. तें पंखास पडलेल्या भगदाडामुळें नष्ट झालें. पण जें अधिकाऱ्यांच्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें, तें पानावर असूनहि आलें नाहीं. विचाराचा सांधा निखळल्याचें याहून दारुण उदाहरण कोणतें असेल?

तर मग कर्तव्य काय? दोष सोसणाराला दोष सांगण्याचा, आणि शक्य तेथें दुरुस्त करण्याचा, अधिकार असला पाहिजे. रापणीचें जाळें फाटलें तर तीं ओढणारीं माणसेंच वाळूंत बसून तें सांधतात. लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्यें कांहीं अंशीं हीच रीत आहे. दोष कोणासहि कळवितां येतो, आणि ज्यास विद्या आहे त्यास तो सुधारतांहि येतो. मराठी माणसांनीं 'आम्हांला जमत नाहीं' असें म्हणण्याऐवजीं 'येथें र नीट जुळत नाहीं' असें लेखी कळविण्याची संवय लावून घ्यावी. संस्थांनीं साधनें विकत घेण्यापूर्वीं तीं मराठी मजकुरावर तपासून घ्यावींत. आमच्याच जिल्ह्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां मराठी मुद्रण बाल्यावस्थेंत होतें. तरीहि राज्यकर्त्यांच्या इंग्रजीशेजारीं त्याच पानावर त्यांनीं मराठीस बरोबरीचा रकाना दिला. तेवढा स्वाभिमान आज, साधनें शतपट वाढलीं असतां, आपणांस जड कां वाटावा?

आणि शिक्षकानें? त्यानें जें ज्याचें काम तें त्याच्याकडूनच घ्यावें. आधीं सर्व विचार पूर्ण वाक्यांत, 'कारण' आणि 'परंतु' यांसह, लिहून काढावा. त्यासाठीं लेखनाचें सॉफ्टवेअर उत्तम आहे, कारण मजकूर वाहणें हाच त्याचा धर्म. तें टांचण विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें. पडद्यावर फक्त तेंच ठेवावें जें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून समजत नाहीं: नकाशा, चित्र, आलेख. असें केल्यास चित्राचा नांगर सुटण्याची आणि अक्षरें बारीक होण्याची निम्मी पीडा आपोआप टळेल. उरलेली निम्मी टाळणें हें मात्र साधन घडविणारांचें काम आहे, आणि तें त्यांच्याकडून मागून घेणें हें आपलें.

ती जुनी म्हण टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. सबब सांगणारे पूर्वीं होते, आजहि आहेत, आणि त्यांच्यासाठीं ती राहिलीच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती म्हण नाचणारास ऐकविण्यापूर्वीं कोणीं तरी अंगणांत उतरून जमीन पाहावी. आधीं मन लावून नाचावें, हें खरेंच. पण तसें नाचूनहि जमीन वांकडीच आढळली, तर पायांस दोष देत न बसतां तें मोठ्यानें सांगावें, आणि फावडें मागावें.