सांगड

बेळगावच्या माणसाचा आणि नौकेचा संबंध तसा दूरचाच. आमच्या शहरातून नदी वाहत नाही. किल्ल्याजवळच्या तलावात घटकाभर होडीत बसणे, एवढाच आमचा जलप्रवास. खडेबाजारातील माझ्या कचेरीच्या माडीवरून जे काही वाहताना दिसते ते माणसांचे लोंढे, आषाढात गटारे. तरीही भूगोलाने आमच्याशी एक गंमत केली आहे. आमच्याच खानापूर तालुक्यातील डोंगरांत, फारसे अंतर नसलेल्या दोन ठिकाणी, दोन नद्यांचा उगम होतो. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि दूर कूडलसंगमाला जाऊन कृष्णेला मिळते. देगावची म्हादई पश्चिमेकडे कोसळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब केवळ डोंगराच्या कण्याच्या या अंगाला की त्या अंगाला पडले, यावरून जन्माचे दुरावतात.

वकिली व्यवसायात वीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाला हे दृश्य नवीन नाही. एका घरात नांदलेली दोन माणसे अशीच दोन दिशांना वाहत जाताना मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वाहण्याला कायद्याची भाषा देण्याचे काम पुष्कळदा माझ्याच लेखणीने केले आहे. गेल्या मार्गशीर्षात असाच एक अर्ज मी तयार करीत होतो. पती-पत्नी दोघेही पन्नाशीच्या पुढची. परस्परसंमतीने विभक्त होऊ इच्छिणारी. भांडण असे काही नाही. मी बाईंना कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, बावीस वर्षे मी यांच्या होडीत बसले आहे. होडी कुठे चालली आहे ते मला एकदाही कुणी विचारले नाही."

ते वाक्य मी अर्जात घातले नाही. घालण्यासारखे ते नव्हतेच. पण ते मनातून गेलेही नाही. 'आपण एका होडीतले प्रवासी' हे वाक्य आपण लग्नसमारंभातील भाषणांत इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ तपासण्याचे कुणाला सुचत नाही. सहप्रवासाने माणसे एकमेकांशी बांधली जातात, हे खरे आहे काय? खरे असल्यास ती नेमकी कशाने बांधली जातात? हा प्रश्न घेऊन मी गोव्याला गेलो असे म्हटले तर ते सोंग होईल. आम्ही दोघे गेलो होतो ते एका नातलगाच्या मुंजीला. मुंज झाल्यावर दोन दिवस हाती होते, आणि पत्नीच म्हणाली, "अहो, आपल्या डोंगरातले पाणी इथवर येते म्हणतात. ते एकदा पाण्यातूनच बघू या."

पणजीच्या धक्क्यावर एका तांडेलाशी बोलणे केले. रायबंदर मागे टाकून, डावीकडे चोडण आणि दिवाडी ही बेटे ठेवीत, जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे पाहत आम्ही मांडवीतून वर गेलो आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरलो. मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांना आतल्या आत जोडणारी ही सुमारे १५ किलोमीटरांची खाडी. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्यामागे बांध घालून समुद्रापासून राखलेली खाजन शेती, मध्येच पाण्याची ये-जा सांभाळणारे मानशीचे दरवाजे. चिखलात एखादी सुसर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली. या खाडीचे वैशिष्ट्य असे की भरतीचे पाणी तिच्यात दोन्ही तोंडांनी येते. मांडवीकडूनही आणि झुवारीकडूनही. मधे कुठेतरी ती दोन पाणी भेटतात. तिथे क्षणभर प्रवाह कुठेच जात नाही.

होडीत बसल्यावर पहिलीच गोष्ट घडली ती अशी. मी सवयीप्रमाणे पुढे, मोक्याची जागा धरून बसलो. पत्नी माझ्या शेजारी येऊन टेकली, तशी होडी एका अंगाला कलली. तांडेल शांतपणे म्हणाला, "बाये, तुमी त्या कुशीक बसात." ती पलीकडच्या बाजूला गेली आणि होडी सरळ झाली. वीस वर्षांच्या संसारात ती माझ्या समोर अशी बसलेली मी फारशी पाहिली नव्हती. बहुधा ती माझ्या शेजारी असे किंवा मागे.

एका होडीत असण्याचा अर्थ काय, याचा मी तिथे विचार करू लागलो. पहिला अर्थ उघड आहे. मध्यप्रवाहात कुणाला उतरता येत नाही. एकाने उठून उभे राहावे तर दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून एकमेकांना सांभाळून घेणे भाग पडते. पण हे बंधन नैतिक म्हणावे काय? रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत दररोज शेकडो अनोळखी माणसे अशीच बांधलेली असतात. पलीकडच्या धक्क्याला बोट लागताच ती आपापल्या वाटेने जातात. कुणी कुणाचे काही लागत नाही. जे अगतिकतेने घडते त्याला आपण शहाणपण म्हणू, फार तर शिस्त म्हणू. निष्ठा म्हणणार नाही. ज्याला जाण्याची वाट खुली आहे आणि तरीही जो राहतो, त्याच्याच राहण्याला किंमत आहे.

या संदर्भात रामायणातील दोन प्रसंग नेहमी माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात. अयोध्याकांडात वनवासाला निघालेले राम, सीता आणि लक्ष्मण गुहाने आणविलेल्या नावेतून गंगा उतरतात. प्रवाहाच्या मध्यावर सीता हात जोडते आणि आम्हांला सुखरूप परत आण, मी तुझी पूजा करीन, असे गंगेला विनविते. चौदा वर्षांचे अरण्य समोर आहे. पण ती कुठे चालली आहे हे तिला ठाऊक आहे. किंबहुना राम नको म्हणत असता तिने हट्टाने तो प्रवास पत्करला आहे. उत्तरकांडात तीच सीता पुन्हा त्याच गंगेवर नावेत बसते. या वेळी सोबत एकटा लक्ष्मण आहे. आश्रम पाहण्याची इच्छा तिनेच बोलून दाखविली होती. त्या इच्छेचेच निमित्त करून तिला आणलेले आहे. पलीकडच्या तीरावर पोचल्यावर लक्ष्मण तिला रामाचा निर्णय सांगतो.

या दुसऱ्या प्रवासातील अन्याय कशात आहे? त्याग केला, हा अन्याय आहेच. राजधर्माचे समर्थन करणारे करोत. परंतु वकिलाच्या दृष्टीने पाहता मला त्याहून खोल असा एक अन्याय दिसतो. नाव कुठे चालली आहे हे नावेतील दोघांपैकी एकालाच ठाऊक होते. पहिल्या प्रवासात दुःख होते, पण फसवणूक नव्हती. दुसऱ्यात सीता सहप्रवासी उरलीच नव्हती; ती नेली जात होती. माझ्याकडे अर्ज घेऊन आलेल्या बाईंची तक्रार याहून निराळी नव्हती, फक्त त्यांना नेण्यास बावीस वर्षे लागली होती.

कुणी म्हणेल, ही पुराणातली उदाहरणे झाली. तर अलीकडचे एक पाहा. इंग्लंडात एल. टी. सी. रोल्ट नावाच्या अभियंत्याने १९३९च्या जुलैत अँजेला नावाच्या तरुणीशी विवाह केला आणि लगोलग दोघे 'क्रेसी' नावाच्या अरुंद नौकेत बिऱ्हाड थाटून बॅनबरीहून निघाली. रेल्वेने ज्यांचा धंदा बुडविला ते तिकडचे जुने कालवे तेव्हा गाळाने भरत चालले होते. त्या कालव्यांतून आणि नद्यांतून ही दोघे हिंडली. वाटेतच महायुद्ध सुरू झाले. पुढे १९४४ साली रोल्टचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले. त्यात अँजेलाने टिपलेली छायाचित्रे होती. ते इतके वाचले गेले की त्यातून कालवे वाचविण्याची चळवळच उभी राहिली आणि १९४६ साली तिची संस्था निघाली. आज इंग्लंडात हजारो लोक त्या कालव्यांतून हौसेने फिरतात, त्याचे पुष्कळसे श्रेय या दोघांच्या प्रवासाला आहे. पण १९५१मध्ये दोघांचा संसार संपला. अँजेला एका सर्कशीबरोबर निघून गेली. रोल्ट वेल्समधील एक जुनी लहान रेल्वे वाचविण्याच्या कामी लागला. त्याच सुमारास क्रेसीही कुजून निकामी ठरली.

हा विवाह फसला असे म्हणायचे काय? मला तसे म्हणवत नाही. जवळजवळ बारा वर्षे दोन माणसांनी एका वीतभर जागेत युद्धकाळ काढला आणि एका देशाला त्याचे विसरलेले पाणी परत दिले. प्रवासाची किंमत तो कुठे संपला यावरून ठरत असेल, तर आपणा सर्वांचेच प्रवास मातीमोल आहेत. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ते स्वप्न आधी रोल्टचे होते, अँजेला नंतर त्यात येऊन बसली. नौका एकच असली म्हणजे सुकाणूही एकच असते. आणि एका सुकाणूवर दोन हात फार काळ सुखाने राहत नाहीत.

माझे विचार इथवर आले असतील तोच काठावर कुंभारजुवे गाव दिसू लागले आणि तांडेलाने आपण होऊन तिथल्या सांगोडाची हकीकत सुरू केली. गणेशोत्सवात सातव्या दिवशी तिथे दोन-दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारतात आणि त्यांवर देखावे सजवून वाजतगाजत खाडीतून मिरवतात. पोर्तुगीज अमलात देवीची मूर्ती पाण्यापलीकडे माशेलला नेली, त्याची ही आठवण अशी परंपरा सांगतात. बार्देशात ख्रिस्ती कोळीबांधव २९ जूनला सेंट पीटरच्या सणाला असाच सांगोड करतात. देव निराळे, बांधण्याची रीत एकच. तांडेल म्हणाला, "एक व्हडें धोलता, दोन बांदलीं काय थीर जातात."

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आम्ही वकील दिवसातून दहा वेळा करतो. पुराव्याची कायद्याशी सांगड, कलमाची कलमाशी सांगड. सांगड म्हणजे मुळात दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा, हे कोशात कधी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि पाण्यावर बसून समजणे वेगळे. सांगडीतील प्रत्येक होडीला स्वतःचा तळ असतो. ती एकटी तरंगू शकते. तिला दुसरीशी बांधले जाते ते बुडू नये म्हणून नव्हे. दोघींच्या मधे एक सपाट जागा तयार व्हावी, जिच्यावर देव बसेल, मुले नाचतील, म्हणून. विवाहाला उपमा द्यायचीच तर ती मला एका होडीपेक्षा सांगडीची योग्य वाटते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दोर बांधला तसा सोडताही येतो; मग हे बंधन कसले? माझे उत्तर असे की सोडता येतो म्हणूनच तो रोज तपासावा लागतो. पाण्यात भिजलेली गाठ आपोआप सैल होते. जी गाठ कधी सुटणारच नाही असे आपण धरून चालतो, तिच्याकडे आपण पाहणेच सोडून देतो. आणि दोर सोडण्याचाही एक धर्म आहे. तो मध्यप्रवाहात सोडू नये, आणि दुसऱ्याला न सांगता सोडू नये. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. तिच्यात दोन अर्जांच्या मधे सहा महिने थांबावे असे म्हटले आहे. योग्य प्रकरणी न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. या सहा महिन्यांना माझे अशील नेहमी कंटाळतात. मला मात्र आता त्या तरतुदीत, कितीही ओबडधोबड असली तरी, दोन्ही होड्या काठाला लागू द्या मग दोर सोडा, एवढेच सांगणे दिसते.

आणखी एक गोष्ट त्या खाडीत ध्यानी आली. चोर्ला घाट उतरून आपण गोव्यात आलो की पती-पत्नीचा कायदाच बदलतो. तिथे १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेले एक तत्त्व आजही टिकून आहे. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता दोघांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची होते. घाटाच्या वर, आमच्या बेळगावात, पत्नी पोटगी मागू शकते; पतीच्या हयातीत त्याच्या मिळकतीतील अर्ध्या वाट्याची मालकीण ती विवाहामुळे होत नाही. एका डोंगराच्या दोन उतारांवर दोन न्याय! मालमत्तेच्या वाटणीने मने जुळतात असे मी म्हणत नाही. पण जिला स्वतःचा तळच दिलेला नाही, तिच्याशी सांगड घातली असे म्हणणे ही भाषेची चैन आहे.

एवढे तत्त्वज्ञान मी पत्नीला मोठ्या उत्साहाने ऐकविले. खाडी संपून होडी झुवारीच्या रुंद पात्रात आली होती, संध्याकाळ होत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "निपाणीची ती शाळा आठवते तुम्हांला?"

मला आठवत होती. आठ वर्षांपूर्वी तिला निपाणीच्या एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा चालून आली होती. रोजची दगदग, मुलगी लहान, घरी माझी आई आजारी, अशी सारी कारणे मी मांडली. एकही खोटे नव्हते. नकाराचे पत्र मीच लिहिले, कारण माझा मसुदा चांगला असतो. तिने खाली सही केली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही, आणि न निघण्याला मी इतकी वर्षे संमती समजत आलो. न्यायालयात मौनाला संमती मानू नये म्हणून मी किती वेळा वाद घातला असेल!

"तेव्हा का बोलली नाहीस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही विचारले असते तर बोलले असते. तुम्ही समजावून सांगितलेत."

दुर्भाटच्या धक्क्याला उतरेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

ती शाळेतली जागा अर्थातच आता राहिलेली नाही. आठ वर्षे परत देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, मग मला कुठून असणार? परत आल्यावर तिने आपण होऊन निपाणीतील विडी-कामगारांच्या मुलींसाठी चालणाऱ्या एका वर्गात शिकविण्याचे ठरविले. आठवड्यातून दोन दिवस ती तिकडे असते, एक रात्र तिथेच राहते. त्या रात्री कचेरी बंद करून मी खडेबाजारातून घरी येतो, कुलूप उघडतो आणि एकट्याने जेवतो. सुरुवातीस मला ते जड गेले, हे लपविण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती मुलींच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन येते. आता तिच्याजवळ मला सांगण्यासारखे, मला ठाऊक नसलेले, काही असते. पूर्वी तसे फार थोडे असे.

त्या वृद्ध दांपत्याचा अर्ज अजून न्यायालयात आहे. सहा महिने संपत आले आहेत. मागच्या तारखेला मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन एवढेच विचारले, "होडी कुठे न्यायची होती, ते तुम्ही त्यांना कधी विचारले होते काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, हे कलमात बसते काय?"

बसत नाही, असे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले.