विचारार्थ

‘विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्यात आले’ असे एक वाक्य वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि आपण ते ओलांडून पुढच्या बातमीकडे जातो. विधेयक मांडले गेले ही बातमी असते, ते संमत झाले ही बातमी असते. मधल्या काळाची बातमी होत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या मधल्या काळाला एक चौकोन दिलेला असतो. पहिले वाचन, दुसरे वाचन, समिती, तिसरे वाचन, राष्ट्रपतींची संमती. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात बाण जातात आणि सगळे बाण सारख्याच लांबीचे असतात. ही आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेन कोण जाणे! मुले ती पाठ करतात, त्यांना गुणही मिळतात. परंतु या आकृतीत विचार करण्याजोगे जर काही असेल तर ते बाणाची लांबी, आणि ती परीक्षेला कधीच नसते.

विचार करायला वेळ घ्यावा, याविषयी दुमत असायचे कारण नाही. घाईने बांधलेली विहीर आणि घाईने ठरविलेले लग्न यांविषयी आपल्या लोकांना पुरेसा अनुभव आहे. माझा प्रश्न निराळा आहे. वेळ घेणारा माणूस आणि ज्याचा वेळ जातो तो माणूस, हे दोघे जेव्हा एक नसतात, तेव्हा विचारीपणाचा हा सद्गुण कितपत शिल्लक राहतो?

हा प्रश्न मला दिल्लीकडे पाहून पडला नाही. तो दापोड्यात पडला. भिवंडी तालुक्यातले हे आमचे गाव. येथे भाताची खाचरे होती. आता जेथे पाहावे तेथे पत्र्याची उंच गोदामे आहेत, आणि देशभरचा माल त्यांत उतरतो नि त्यांतून निघतो. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली की पोरांना शाळेत यायला उशीर होतो. भात पिकत होते तेव्हा या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत याची फारशी चौकशी कोणी करीत नसे. गोदामवाला आला आणि चौकशी सुरू झाली. वारस कोण? बहिणी किती? त्या कुठे दिल्या आहेत? मग वीस-वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या दारी भाऊ जाऊ लागले. हाती हक्कसोडपत्राचा कागद, आणि बरोबर एखादी साडी. भाऊबिजेला ओवाळणी घालणारे हेच हात; त्यांत कोणी राक्षस नव्हते. बहिणींनी सह्या केल्या, अजूनही करतात.

पण बहिणीला सोडून देता येईल असा हक्क मुळात तिच्याकडे आला कधी, हे शोधू लागले की समितीच्या त्या चौकोनापाशी आपण पुन्हा येऊन पोहोचतो.

मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदू स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी विधेयक आणले. ते १९३७ साली कायदा झाले. मूळ कल्पनेत विधवेबरोबर मुलीचाही विचार होता. समितीतून आणि सभागृहातून कायदा बाहेर पडला तेव्हा विधवा तेवढी त्यात राहिली, मुलगी गळाली. विधवेला मिळाले तेही हयातीपुरते. पुढे १९४१ साली फेडरल कोर्टाने निर्णय दिला की, हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे. मग प्रांतोप्रांती निराळे कायदे करणे आले. आमच्यासारख्या गावी त्या काळी शेतजमिनीवाचून दुसरी मालमत्ता ती कोणती असणार?

त्याच साली सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायद्याची समिती नेमली गेली. पुण्याचे ज. र. घारपुरे तिचे एक सभासद होते. १९४४ साली समिती पुन्हा उभी केली गेली. तिने देशभर हिंडून साक्षी घेतल्या आणि मुलीला मुलाच्या निम्मा वाटा द्यावा असे सुचविले. १९४८ साली विधेयक प्रवर समितीकडे गेले. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या समितीने निम्म्याचा पूर्ण वाटा केला. मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. समिती म्हणजे केवळ कापाकापीचे ठिकाण, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. १९३७ च्या सुमारास जी मुलगी गळून पडली, तिला अकरा वर्षांनी दुसऱ्या एका समितीनेच उचलून घेतले. खुर्चीवर कोण बसले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

परंतु समितीनंतर सभागृह असते. तेथे ‘समाज अजून तयार नाही’ हा युक्तिवाद सुरू झाला. मराठी माणसाला हा युक्तिवाद नवा नव्हे. संमतिवयाच्या विधेयकावर १८९१ साली लोकमान्य टिळक आणि आगरकर यांच्यात जे झाले त्याच्या तळाशी हाच वाद होता. सुधारणा लोकांच्या मनातून यावी, परक्या सरकारच्या कायद्यातून नको, हे टिळकांचे म्हणणे. त्यात परक्या सरकारचा मुद्दा होता आणि त्या मुद्द्याला वजन होते, हे मी मानतो. पण १९५१ साली सरकार परके नव्हते, तरी युक्तिवाद तोच राहिला. ‘समाज तयार नाही’ असे म्हणणारा स्वतःला समाजात धरतो आणि मुलीला त्या समाजाच्या बाहेर धरतो; नाही तर ती केव्हाची तयार होती हे त्याला दिसले असते. १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत विधेयकाची अवघी चार कलमे संमत झाली होती. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांनी दिलेल्या कारणांत हे एक ठळक कारण होते.

पुढे हरिभाऊ पाटसकरांनी त्याच संहितेचे तुकडे एकेक करून संसदेतून पार नेले. १९५६ चा वारसा कायदा हा त्यांतला एक. वाचकाला वाटेल, मुलीला आता वाटा मिळाला. मिळाला, पण किती? वडिलार्जित जमिनीत मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा या कायद्याने तसाच ठेवला. हिशेब करून पाहू. बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई हयात नाही. वडिलार्जित जमीन नऊ एकर. बाप वारला की आधी बाप आणि मुलगे यांचे कल्पनेतले वाटप करायचे, तीन-तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांत तिन्ही भावंडांचा सारखा वाटा. मुलांना चार-चार एकर, मुलीला एक. समानता बापाच्या तुकड्यापुरती आली. मुलांना हे गणित घालावे असे मला कैक वर्षे वाटते. भागाकाराचा चांगला सराव होईल.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले, पण तोपर्यंत जिचे लग्न झाले होते तिला वगळून. म्हणजे त्या वर्षीच्या वैशाखात जी उजवली गेली ती चुकली, आणि पुढच्या मुहूर्तापर्यंत जी राहिली तिला मिळाले. पुढे केंद्रीय विधी आयोगाने २००० साली जी शिफारस केली, तीतही विवाहित मुलींना बाहेर ठेवणारी अशीच अट होती. २००४ साली विधेयक राज्यसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी कायदा अमलात आला तेव्हा ही अट त्यात नव्हती. बापाचा मृत्यू त्या तारखेआधीचा की नंतरचा, याने मुलीच्या हक्काला बाध येत नाही, हे नक्की व्हायला मात्र ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला.

या कायद्यात एक तारीख आहे, आणि तिच्यासाठीच मी एवढा पाल्हाळ लावला. २० डिसेंबर २००४ च्या पूर्वी झालेल्या वाटण्या, विक्रीव्यवहार आणि मृत्युपत्रे यांना हा कायदा हात लावीत नाही. ही तारीख आली कोठून? कायदा संमत झाल्याची ती तारीख नव्हे, अमलाचीही नव्हे. त्या दिवशी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. आता विचार करा. विधेयक मांडल्यापासून अमलात येईपर्यंत जवळजवळ नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत समितीचे सभासद कागद वाचीत होते, साक्षी घेत होते. आणि घरोघरचे शहाणे काका, मामा, वकील काय करीत असते? मुलीचा हिस्सा उभा राहायच्या आत जमीन वाटून, विकून मोकळे झाले असते. कायदा लिहिणाऱ्याने हे ओळखले. समितीतला काळ रिकामा नसतो. आत विचार चाललेला असतो तेव्हा बाहेर व्यवहार चाललेला असतो. म्हणून त्याने मांडल्याच्या दिवशीच दार लावून घेतले.

उलट उदाहरण शारदा कायद्याचे. हरविलास शारदांनी १९२७ साली हिंदूंपुरते विधेयक मांडले. प्रवर समितीने ते सर्व धर्मीयांसाठी केले. मात्र अल्पवयातला विवाह रद्द ठरविण्याऐवजी तो लावणाऱ्यांना शिक्षा, एवढ्यावर आणले. वाढविले आणि सैलही केले. मग अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या समितीच्या अहवालासाठी ते थांबले. समितीने कसून काम केले, स्त्रियांच्या साक्षी घेतल्या; तिचा अहवाल आजही लेकीच्या बापाने वाचावा असा आहे. १९२९ च्या सप्टेंबरात विधेयक संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात येणार असे ठरले. मधल्या सहा महिन्यांत देशात बालविवाहांची झुंबड उडाली. कायद्याने मुलींना वाचवायचे ठरविले आणि त्या ठरविण्याच्या बातमीनेच हजारो मुली मांडवात उभ्या केल्या. येथे कोणी दार लावून घेतले नव्हते.

मग समित्या नकोत काय? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. सध्याची चाल तर उलटीच आहे. पंधराव्या लोकसभेत शंभरांतली सुमारे सत्तर विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत सुमारे सोळा. २०२० साली शेतीचे तीन कायदे समितीचा उंबरा न पाहता संमत झाले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तेच कायदे मागे घ्यावे लागले. जे समितीच्या खोलीत ऐकायचे ते रस्त्यावर ऐकावे लागले, आणि त्याची किंमत थंडीत बसलेल्यांनी दिली. तेव्हा घाईचा वकील मी नव्हे.

परंतु थांबण्याचाही हिशेब कोणी द्यायचा की नाही? डिसेंबर २०२१ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय अठरावरून एकवीस करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले. हा प्रश्न खरोखर विचाराचा होता. वय वाढविले तर मुलगी जास्त शिकेल असे एक पक्ष म्हणतो; शाळा लांब आणि एस. टी. बेभरवशाची, तेव्हा नुसते वय वाढवून बापाला गुन्हेगार तेवढे कराल, असे दुसरा म्हणतो. शिवाय मतदानाला शहाणी असलेली मुलगी स्वतःच्या लग्नाला अजाण कशी? मी दोन्हीकडचे ऐकतो आणि दोन्हीकडे मला खरे दिसते. तेव्हा समितीकडे ते गेले हे योग्यच झाले. पण त्या समितीत एकतीस सभासद होते आणि त्यांत स्त्री एक. समितीने मुदतवाढ घेतली, पुन्हा घेतली. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

‘व्यपगत’ हा शब्द मला मुलांना नीट समजावून सांगता आलेला नाही. नापास नव्हे, नामंजूर नव्हे, मागे घेतलेलेही नव्हे. नाही म्हणायला कोणाला तरी उभे राहावे लागते, हात वर करावा लागतो, आणि तो हात नोंदला जातो. व्यपगत व्हायला कोणाचाच हात लागत नाही. ‘हे विधेयक चुकीचे आहे, आम्ही ते फेटाळतो’ असे एकतीस जणांनी लिहून दिले असते तर मी त्यांना मान दिला असता. डिसेंबर २०२१ मध्ये जी मुलगी सोळा वर्षांची होती, ती त्या विधेयकाच्या आधीच अठरा वर्षांची झाली. तिच्याविषयी अडीच वर्षे विचार चालला होता, हेही तिला ठाऊक नसावे.

आमच्या गावातले काही जाणते यावर हसतील. म्हणतील, मास्तर, कायदा लवकर येवो की उशिरा, बहीण सही करतेच ना! ती माहेर तोडील काय? चार दिवस माहेरपणाला यायचे दार तिला उघडे हवे असते. त्यासाठी ती गुंठ्यावर पाणी सोडते. हे खरे आहे आणि ते कायद्याने बदलणार नाही. हक्कसोडपत्रात ‘राजीखुशीने’ असा शब्द असतो. तो कितपत खरा, हा वाद मी गावात कोणाशी घालीत नाही. एवढेच म्हणतो की, १९५६ च्या पूर्वी बहिणीच्या दारी कागद घेऊन जायचे भावाला काही कारणच नव्हते. आज त्याला जावे लागते. ओटीवर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, विषय काढावा लागतो. आणि तिने पेन हातात घेईपर्यंतचा जो थोडा वेळ असतो, तो वेळ तिचा असतो.