‘पूर्वीसारखा’ म्हणजे कसा?

मोठ्या ऑपरेशननंतर कुणी कामावर परत आलं, की आपण विचारतो, “काय, आता सगळं पूर्वीसारखं ना?” प्रश्न मायेचाच असतो. पण त्यात एक अट दडलेली असते: पूर्वीसारखा झालास, तरच तू बरा झालास.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी करतो. आमच्या शिफ्टमधल्या एका मित्राचं कॅन्सरमुळं अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं. व्हिएन्नात थिओडोर बिलरॉथनं असं ऑपरेशन १८७३ मध्येच केलं होतं. म्हणजे जीव वाचवायची ही वाट तशी जुनी. पुढं जगायचं कसं, हे मात्र प्रत्येकाला नव्यानं शिकावं लागतं.

लोकांना वाटतं, आवाज तेवढा जातो. खरं तर श्वासाची वाटच बदलते. मानेवर कायमचं भोक असतं, श्वास तिथूनच. नाकातून हवा जात नाही, त्यामुळं वास फारसा येत नाही आणि तांबड्या रश्शाची निम्मी चव तिथंच जाते. चहा फुंकून गार करता येत नाही. जड उचलताना आपण नकळत घसा मिटून दम धरतो. मिटायला तो घसाच उरला नाही, तर वजन पेलत नाही. नाकाची गाळणी नसल्यानं वाळूची धूळ थेट फुफ्फुसात, म्हणून मोल्डिंगचं काम बंद. व्हॉल्व्ह बसवलाय, भोकावर बोट दाबलं की बोलता येतं. पण मशिनच्या दणदणाटात हाक पोचत नाही.

अशा माणसाला “सगळं पहिल्यासारखं होईल” म्हणणं म्हणजे त्याचा बदल नाकारणं. “तू बस, आम्ही करतो” म्हणणं म्हणजे त्यालाच बाजूला काढणं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वरयंत्र काढल्यानं येणाऱ्या अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढू नये, जमेल ते काम त्याच पगारावर द्यावं, असंही त्यात आहे. पण हे कलम सरकारी आस्थापनांसाठी. आमच्यासारख्या कारखान्यात ते मालकाच्या आणि सोबत्यांच्या मनावर.

“त्याला हलकं काम, मग आम्ही काय घोडं मारलंय?” असं कुणी म्हणालं, तर तो दुष्टपणा नव्हे. त्याच्या वाटचं ओझं खरंच कुणाच्या तरी खांद्यावर येतं. पण सगळ्यांना सारखंच वजन देणं म्हणजे न्याय, हे मला पटत नाही. आज तो तपासणीला आहे. कास्टिंगवर हातोडी वाजवून नुसत्या नादावरून तडा ओळखतो. ती समज इतक्या वर्षांच्या कामातून आलीय, ऑपरेशननं गेली नाही.

बाकी आमच्याकडून फार काही लागत नाही. तो बोट मानेकडं नेतो, तेवढं थांबायचं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. आणि “पूर्वीसारखं ना?” ऐवजी विचारायचं, “आता कसं जमतंय?” याचं उत्तर कधीकधी “नाही जमत” असंही येतं. तेही ऐकून घ्यायचं.