दोन विमाने, एक अध्यक्ष



शीतयुद्ध अमेरिकेने जिंकले, असे आपली मुले इथल्या शाळांतून शिकून येतात. जिंकले म्हटले की जिंकून देणारा कोण, हे ओघाने आलेच, आणि बहुतेक वेळा नाव घेतले जाते रोनाल्ड रेगन यांचे. बाबासाहेबांचे वाचक म्हणून आपण हा निवाडा जसाच्या तसा स्वीकारावा का? प्रश्न वॉशिंग्टनचा वाटेल, पण तो आपल्या दारातला आहे.

3 जुलै 1988 रोजी इराण एअरचे 655 क्रमांकाचे विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. उड्डाणानंतर काही मिनिटांतच 'यूएसएस व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने त्यावर दोन क्षेपणास्त्रे सोडली. 290 माणसे गेली, त्यांत साठाहून अधिक मुले. बहुतेक इराणी होते, पण अमिराती, पाकिस्तानी आणि भारतीयही होते. दुबई विमानतळावर त्यांची वाट पाहणारी माणसे तुमच्या-माझ्यासारखीच असणार.

ही नौका तिथे आली कशी? डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. महिन्याभरातच, 23 जानेवारी 1980 रोजी, अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केले की आखातावर बाहेरच्या सत्तेने ताबा मिळवू पाहिल्यास अमेरिका लष्करी बळानेही तो हाणून पाडील. पुढे इराण-इराक युद्धात टँकरांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कुवेतने मॉस्को आणि वॉशिंग्टन, दोन्ही दारे ठोठावली. सोव्हिएत संघ आपले टँकर द्यायला तयार झाल्यावर रेगन सरकारनेही हालचाल केली, आणि 1987 मध्ये 11 कुवेती टँकरांवर अमेरिकेचा झेंडा चढला. त्यांच्या राखणीला नौदल आले. भांडण इराण आणि इराकचे होते. पण अमेरिकेची पहाऱ्याची नौका त्या पाण्यात आणली ती या दोन महासत्तांच्या चढाओढीने.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणून मला यातली एक गोष्ट विशेष टोचते. व्हिन्सेन्सवरची 'एजिस' यंत्रणा त्या काळची सर्वांत प्रगत समजली जायची. तिच्या नोंदींत विमान वर चढत होते. नौकेवरची माणसे मात्र ते खाली झेपावत असल्याचे सांगत होती. म्हणजे यंत्राने खरे तेच दाखवले होते, पण भीतीने ग्रासलेल्या माणसांना अपेक्षित तेच दिसले. आपल्यापैकी ज्यांनी मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर सांभाळला आहे, त्यांना ही अवस्था ठाऊक आहे. फक्त आपल्या हातात क्षेपणास्त्र नसते.

आता पाच वर्षे मागे जाऊ. 1 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअरलाइन्सचे 007 विमान पाडले. 269 माणसे गेली. रेगन यांनी दूरचित्रवाणीवर देशाला उद्देशून भाषण केले आणि या घटनेला कत्तल म्हटले, मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले. 1988 मध्ये त्याच रेगन यांनी खेद व्यक्त केला, पण कृती बचावाची आणि योग्य होती असे सांगितले.

दोन्ही घटना सारख्याच, असे मी म्हणणार नाही. व्हिन्सेन्स त्या वेळी इराणी गनबोटींशी झुंजत होती. सोव्हिएत वैमानिकावर कोणी गोळीबार करत नव्हते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असेही ते मांडतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. पण जो मोकळीक घेतो त्याला जबाबदारीही घ्यावी लागते. 655 च्या बाबतीत प्रवाशांना मारण्याची इच्छा होती असे कोणी म्हणत नाही. गरज तर नव्हतीच. उरते ती जबाबदारी, आणि अध्यक्षाची परीक्षा तिथेच होते.

ती परीक्षा कशी गेली, पाहा. विमान हवाईमार्गाबाहेर होते आणि खाली येत होते, असे आधी सांगितले गेले. अमेरिकी नौदलाच्या स्वतःच्या चौकशीत काही आठवड्यांत ते खोटे ठरले. नौका इराणच्या सागरी हद्दीत होती, ही कबुली ॲडमिरल क्रो यांनी दिली ती 1992 मध्ये. कप्तानाला 1990 मध्ये त्याच कार्यकाळातील सेवेसाठी 'लीजन ऑफ मेरिट' पदक मिळाले. सोव्हिएतांनी तरी काय वेगळे केले? आधी कानांवर हात ठेवले, आणि 007 चे ब्लॅक बॉक्स येल्त्सिन यांच्या काळापर्यंत दडवून ठेवले.

रेगन यांच्या पारड्यात एक फार मोठी गोष्टही आहे. 8 डिसेंबर 1987 रोजी त्यांनी आणि गोर्बाचेव यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार केला, आणि 1991 पर्यंत 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली. स्वतःच्या पक्षातल्या कडव्या लोकांचा विरोध पत्करून त्यांनी हे केले. मी ते कमी लेखत नाही. पण या जमेतून 290 वजा करून शिल्लक काढता येत नाही. कर्माचा हिशेब वहीखात्यासारखा नसतो. एका कृतीचे श्रेय दुसरीचे उत्तरदायित्व फेडत नाही.

कोणी म्हणेल, मग अमेरिका वाईट आणि रशिया बरा? बाबासाहेबांना ही पळवाट मान्य नव्हती. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत बोलताना त्यांनी रशियाने गिळलेल्या देशांचा पाढा वाचला. त्याच भाषणात त्यांनी हेही विचारले की देशांची फाळणी करून विकत घेतलेल्या शांततेची किंमत कोण मोजतो. शांतता हवीच, पण दुसऱ्याच्या अंगावर तिचा खर्च टाकून नव्हे.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय युद्धाला निघाले, तेव्हा सिद्धार्थाने संघात काय सुचवले ते आठवा. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. त्यांनी निवाडा करावा. स्वतःच्या बाजूचा निवाडा स्वतः करू नये, हा त्यातला गाभा. संघाने बहुमताने ते फेटाळले.

655 साठी असा पाचवा माणूस जवळपास मिळाला होता. मे 1989 मध्ये इराणने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. फेब्रुवारी 1996 मध्ये, क्लिंटन अध्यक्ष असताना, तडजोड झाली. 248 इराणी मृतांच्या वारसांसाठी 6 कोटी 18 लाख डॉलर ठरले. कमावत्या माणसामागे 3 लाख, न कमावत्यामागे दीड लाख. म्हणजे गृहिणी आणि मुले अर्ध्या किमतीत. जन्मावरून किंमत ठरवणाऱ्या समाजातून आलेल्या आपल्याला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेने कायदेशीर दोष मान्य केला नाही. दावा मागे घेतला गेला, आणि चूक कोणाची यावर हेगच्या न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही.